लुगड्याचा रंग आणि लेखकाचा डोळा

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस औशाच्या बाजारात कापडाच्या दुकानी बसण्याचा योग मला दरसाल येतो आणि दरसाल तिथे माझी फजिती होते. दुकानदार एकामागून एक साड्या उलगडत असतो. अंजिरी, आमसुली, डाळिंबी, मोतिया, अबोली, शेवाळी अशी नावे त्याच्या तोंडून लाह्यांसारखी फुटत असतात. आमची सौभाग्यवती त्यातली एक बाजूला काढते, दुसरी परत करते आणि शेवटी, केवळ रीत म्हणून, मला विचारते, "ही कशी वाटते?" मी म्हणतो, "छान आहे की ही हिरवी." मग ती, दुकानदार आणि शेजारी बसलेले एखादे अनोळखी गिऱ्हाईक असे तिघेही माझ्याकडे पाहू लागतात. साडी डाळिंबी असते.

वाचकहो, मी रंगांधळा आहे. मॅट्रिक झाल्यावर एका नोकरीसाठी डोळ्यांची तपासणी झाली, तेव्हा हे मला पहिल्यांदा कळले. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचे एक पुस्तक समोर धरले. त्यातल्या एका पानावर इतरांना ८ चा आकडा दिसतो. मला ३ दिसला. मी मोठ्या आत्मविश्वासाने "तीन" म्हणालो आणि ती नोकरी तिथेच संपली. इशिहारा नावाच्या जपानी वैद्याने ते पुस्तक १९१७ साली तयार केले. माझ्यासारख्या किती जणांच्या आयुष्याचे फाटे त्या ठिपक्यांनी बदलले असतील कोण जाणे! मी मास्तर झालो आणि पुढे कादंबऱ्या लिहू लागलो, कारण या दोन्ही धंद्यांत डोळे तपासून घेण्याची पद्धत नाही. कादंबरीकाराच्या बाबतीत तरी ती असायला हवी होती, असे अलीकडे मला वाटू लागले आहे. हा लेख त्या वाटण्यापोटी लिहिला आहे.

बाई आणि पुरुष यांना जग सारखेच दिसते का, हा प्रश्न घरोघरी थट्टेचा असतो. पुरुषाला समोरची मिठाची बरणी सापडत नाही आणि बाईला नकाशा कळत नाही, असे दोन्ही पक्ष एकमेकांना ऐकवत असतात. पण थट्टा बाजूला ठेवली तर यात थोडे तथ्य आहे, आणि ते किती, हे आधी नीट पाहून घेतले पाहिजे. नाहीतर आपण टीकाकार लोक त्या थोड्याचे डोंगर करतो.

निश्चित म्हणता येईल अशी गोष्ट रंगांधळेपणाची. लाल आणि हिरवा ओळखणाऱ्या डोळ्यातल्या द्रव्यांची जनुके 'एक्स' या गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे एक्स एकच. ते बिघडले की कारभार आटोपला. बाईकडे दोन, एक बिघडले तरी दुसरे सांभाळून घेते. म्हणून युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे ८ टक्के पुरुष असे निघतात, तर बाया जेमतेम अर्धा टक्का. यातली गंमत, आणि थोडे दुःखही, असे की हा दोष मुलाला आईकडून येतो. माझ्या आईला सगळे रंग दिसत; तिच्या वडिलांना दिसत नसावेत, कारण पिकलेली मिरची झाडावरून तोडताना आजोबा ती हाताने चाचपून पाहत, असे मामा सांगत. मधल्या बाईने स्वतः सगळे नीट पाहिले आणि एका आंधळ्याचा निरोप दुसऱ्या आंधळ्याला मुकाट्याने पोचवला. आपल्या पुष्कळशा घरांचा इतिहास या एका वाक्यात बसेल.

यापुढची जमीन मात्र भुसभुशीत आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या अब्रामोव्ह नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली असे दाखवले की बारीक रेषा आणि झरझर बदलणारा उजेड टिपण्यात पुरुष सरासरीने सरस ठरतात आणि हिरव्या-पिवळ्या पट्ट्यातल्या छटांचा भेद करण्यात बाया. पण फरक बारीक, आणि तोही सरासरीचा. आकृत्या मनातल्या मनात फिरवून पाहण्यात पुरुष पुढे आणि कोणती वस्तू कुठे होती हे लक्षात ठेवण्यात बाया पुढे, असेही प्रयोगांत पुष्कळदा आढळले आहे. मग २०११ साली एक वेगळीच गोष्ट समोर आली. मेघालयात खासी आणि कार्बी या शेजारी राहणाऱ्या दोन जमाती आहेत. कार्बींमध्ये जमीन मुलाकडे जाते, खासींमध्ये धाकट्या मुलीकडे. संशोधकांनी दोन्हीकडच्या मिळून सुमारे १,३०० लोकांना तुकडे जुळवून चित्र करण्याचे कोडे घातले. कार्बींमध्ये पुरुषांनी ते बायांपेक्षा पुष्कळ लवकर सोडवले. खासींमध्ये मात्र दोघांना सारखाच वेळ लागला. म्हणजे जो फरक आपण डोळ्याचा समजत होतो, त्यातला मोठा भाग सात-बाराच्या उताऱ्याचा निघाला!

एवढे मनाशी धरून आपल्या वाङ्मयाकडे वळू. मराठीत या प्रश्नाचे एक नामी उदाहरण आहे, आणि ते एकाच छपराखाली सापडते. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक हे नवरा-बायको. एकाच घरात राहिलेली, एकच भाकरी मोडलेली ही दोन माणसे, दोघेही लिहिणारी. टिळकांची नजर फुलावर पडते आणि लगेच फुलापलीकडे जाते. फूल हे त्यांना कशाचे तरी चिन्ह असते. लक्ष्मीबाई 'स्मृतिचित्रे' लिहितात तेव्हा वस्तू ही वस्तूच राहते. वडिलांचे धान्यसुद्धा धुवून घेण्याचे सोवळे. नवऱ्याने अवचित घरी आणलेली माणसे. हाती येताच नाहीसा होणारा पैसा. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई १९०० साली झाल्या. मधली पाच वर्षे म्हणजे तत्त्वज्ञानाचा केवढा आखाडा! पण ही बाई तो आखाडा आपल्याला पाण्याच्या भांड्यात आणि जेवणाच्या पंगतीत दाखवते. धर्म म्हणजे काय, तर कुणाच्या हातचे पाणी प्यायचे आणि कुणाच्या हातचे नाही. आणि तो भेद मनातून गळून पडला तो कसा, हे ती अशा प्रांजळपणाने सांगते की वाचणाऱ्याला हसूही यावे आणि घशात आवंढाही.

आता आमच्यातले काही टीकाकार म्हणतील, पाहा, पुरुषाला दूरचे दिसते आणि बाईला जवळचे. मला हे मान्य नाही. टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, तेव्हा ते पुढे नेले ते लक्ष्मीबाईंनीच. दूरचे पाहण्याची शक्ती त्यांच्या डोळ्यांत होतीच. पण जवळचे पाहण्याची नेमणूकही त्यांच्याकडेच होती. घरात आठ माणसे जेवायची असतील तर पीठ किती उरले आहे हे कुणीतरी पाहायलाच हवे. जो पाहत नाही त्याला फुलापलीकडचे पाहायला सवड मिळते, आणि ती सवड त्याला कुणी दिली हे बहुधा त्याला दिसत नाही. 'स्मृतिचित्रे'चे मोठेपण असे की त्या बाईला पीठही दिसते आणि पिठाकडे न पाहणारा नवराही दिसतो, आणि तरीही तिचा त्याच्यावरचा जीव कमी होत नाही.

मग पुरुष लेखकाला बाईच्या डोळ्याने पाहता येतच नाही काय? येते. हरिभाऊ आपट्यांनी ते करून दाखवले आहे. १८९० साली निघालेल्या 'करमणूक' पत्रातून क्रमशः आलेली 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी यमू नावाची मुलगी स्वतः सांगते. लिहिणारा पुण्यातला सुशिक्षित पुरुष. सांगणारी माजघरातली मुलगी. हरिभाऊ यमूचे रूप सांगत बसत नाहीत. ती स्वतःकडे पाहतच नाही. ती सतत इतरांकडे पाहते. सासरी कोण कुठे बसले आहे, कोणाचा आवाज चढला आहे, कोणते दार लावून घेतले गेले, यावर तिचे सारे लक्ष, कारण तिचा दिवस बरा जाणार की वाईट हे त्यावरच ठरायचे. अधिकार नसलेल्या माणसाची नजर अशी असते. ज्याचे सुखदुःख दुसऱ्याच्या कपाळावरच्या आठीवर अवलंबून असते, त्याला आठी फार लांबून दिसते. पुढे ती विधवा होते आणि तिचे केस बळजबरीने काढले जातात, तिथे वाचकाला जो धक्का बसतो, तो आतापर्यंत आपण तिच्या डोळ्यांनी पाहत आलो म्हणून. बाहेरून पाहिले असते तर नुसती दया आली असती.

रमाबाई रानड्यांच्या १९१० साली निघालेल्या आठवणी ज्यांनी वाचल्या असतील, त्यांना हरिभाऊंचा डोळा किती खरा होता याची साक्ष पटेल. शिकायला लागलेल्या सुनेला घरातल्या बायकांनी दिलेला त्रास रमाबाईंनी सांगितला आहे. त्यातही कोण काय बोलले यापेक्षा कोण बोलायचे थांबले याची नोंद अधिक बारीक आहे असे मला वाटते. आणि १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' निघाले, तेव्हा विभावरी शिरूरकर या टोपणनावामागे कोण आहे याची केवढी चर्चा झाली! पुढे ते नाव मालतीबाई बेडेकरांचे निघाले. बाईने बाईचे मन इतके उघड पाहावे हेच मुळी लोकांना सहन होईना. म्हणजे तक्रार त्या नजरेबद्दल नव्हतीच; ती नजर बाईच्या चेहऱ्यावर असण्याबद्दल होती.

उलट बाजू पाहायची असेल तर लांब जायला नको. दिवाळी अंकांची मुखपृष्ठे पाहावी. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, आणि पुढे दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर अशा थोर चित्रकारांनी या अंकांना जे रूप दिले त्यावर आपल्या आईबापांची पिढी पोसली. त्यांची कारागिरी मी नाकारीत नाही; रंगांधळ्याने ती नाकारणे शोभणारही नाही. पण तबकात पणत्या घेतलेली ती तरुणी कधी दमलेली असते काय? तिच्या हाताला कधी चकलीच्या पिठाचा वास येत असेल काय? एकदा आमच्या सौभाग्यवतीने असे एक जुने मुखपृष्ठ निरखून पाहिले आणि म्हणाली, "या बाईच्या घरी फराळाचं कुणी करून ठेवलंय?" मराठी चित्रकलेवरची एवढी मार्मिक टीका मी अजून वाचलेली नाही. पुरुषाने पाहिलेली बाई उजेडात उभी असते. दिव्यात तेल घालताना ती कुणी पाहिलेली नसते.

तरीदेखील, सगळा दोष पुरुषाच्या डोळ्यावर टाकून मोकळे होणे बरे नव्हे. मघाचा तो कापड दुकानदार आठवा. तो पुरुषच आहे, आणि आमसुली-अंजिरीतला फरक तो गावातल्या कुठल्याही बाईपेक्षा लवकर सांगतो. त्याचे पोटच त्या फरकावर चालते. आमच्या भागातल्या गुरांच्या बाजारात जा. देवणी जातीच्या बैलांत वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे रंगावरून प्रकार मानतात. पन्नास पावलांवरून ते ओळखणारा शेतकरी स्वतःच्या बायकोच्या अंगावरचे पातळ कोणत्या रंगाचे होते, हे विचारले तर डोके खाजवील. आणि बहिणाबाई चौधरी? त्यांना जाते दिसले, तशीच नांगरटही दिसली, सुगरणीचा खोपाही दिसला. अक्षर न शिकलेल्या त्या बाईचा डोळा घर आणि शिवार यांच्यामध्ये कुंपण मानीत नव्हता, कारण तिच्या कष्टांनाच ते कुंपण नव्हते. डोळा ज्याच्या त्याच्या कामाने घडतो. निसर्गाने दिलेला फरक रतीभर. बाकीचा आपण पिढ्यान्‌पिढ्या वाटून दिलेला.

हे सारे मी पुस्तकांतून शिकलो असतो तर बरे झाले असते. मी ते माझ्या मामीकडून शिकलो, आणि ते शिकणे महागात पडले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास आमच्या औसा तालुक्यातले किल्लारी आणि आजूबाजूची गावे भूकंपाने कोसळली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. माणसे दमून झोपली होती. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. हजारो माणसे आपल्याच घराखाली गेली. मामाचे गाव त्याच पट्ट्यातले. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. वडिलांबरोबर तिथे गेलो तेव्हा मामा ढिगाऱ्यासमोर उभे राहून सांगत होते: घर किती खणांचे, पूर्वेची भिंत कशी पडली, आढे कुठे सरकले. मामी खाली बसून सांगत होती: उतरंड इथे होती, देवळीत चिमणी होती, कणगीच्या अंगाला ट्रंक होती आणि ट्रंकेच्या बाजूला ती निजली होती. 'ती' म्हणजे त्यांची मुलगी, माझी मामेबहीण. माणसे मामांच्या सांगण्यावरून खणत होती. मग कुणीतरी मामीचे ऐकले. ट्रंक सापडली, ती म्हणाली होती त्याच जागी. बहीणही सापडली, पण तेव्हा फार उशीर झाला होता. आधी ऐकले असते तर वाचली असती, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. मामीने कधी म्हटले नाही. पण ती दोन बोटे, एक भिंतीकडे दाखवणारे आणि एक जमिनीकडे, मी विसरलो नाही.

विसरलो नाही, आणि तरीही पुढे कादंबरी लिहिताना भिंतीच लिहिल्या. ढिगारा, धूळ, वाकलेले आढे, सैनिकांच्या गाड्या. भूकंपाचे वर्णन असे उतरले की परीक्षण करणाऱ्यांनी 'प्रत्ययकारी' हा शब्द वापरला. शेवटी मी एक चित्र घातले होते: ट्रंकेतून बाहेर लोंबणारा नव्या लुगड्याचा हिरवा पदर. ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेले होते.

मामीला वाचता येत नाही. नातीने तिला सारी कादंबरी वाचून दाखवली. मी भेटायला गेलो तेव्हा तिने चहा दिला, आणि पुष्कळ वेळाने म्हणाली, "समदं खरं लिवलास बाबा. पर ते लुगडं हिरवं न्हवतं. डाळिंबी व्हतं. दिवाळीला लेकीसाठी घेऊन ठिवल्यालं. तिनंच रंग निवडला व्हता."

मी कसाबसा म्हणालो, "मामी, मला तो रंग दिसत नाही."

"ठाऊक हाय की. तुझ्या आज्यालाबी दिसत न्हवता." थोडे थांबून ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. घर पडल्यालं लिवलास. पर त्या घरात कोन ऱ्हात व्हतं, ते काई दिसना बघ."

माझ्या कादंबरीवर पुढे-मागे जे काही लिहिले गेले, त्यात यापेक्षा कठोर आणि यापेक्षा न्याय्य असे काही नाही. पहिली चूक माझ्या डोळ्याची होती. ती मला आईच्या वडिलांकडून आली आणि तिची मला लाज नाही. दुसरी चूक मात्र कुठल्याही गुणसूत्रावर नव्हती. मामी बोट दाखवत होती आणि मी मामांच्या बाजूला उभा राहून पाहत होतो, कारण पुरुष तिथे उभे होते. तिला मी एकदाही विचारले नाही की ट्रंकेत आणखी काय होते. डोळा अधू असेल तर माणूस विचारून चालतो. माझा डोळा शाबूत आहे अशा भ्रमात मी लिहिले.

भूकंपानंतर सुमारे ५० गावे नव्या जागी वसली. कागदावर पाहिली तर नेटकी: सरळ रस्ते, सारख्या ओळी. ओट्यावर बसून शेजारणीशी बोलता येत नाही, ही तक्रार पुढे बायकांनी केली. नकाशा हेही एक प्रकारचे लेखनच आहे, आणि त्याचेही परीक्षण त्यात राहणाऱ्या बाईकडून करून घेतल्याशिवाय ते पुरे होत नाही.

म्हणून माझ्या लेखकबंधूंना, आणि भगिनींनाही, माझे एवढेच सांगणे आहे. पुरुषाचा डोळा आणि बाईचा डोळा असे दोन कप्पे करून कुणी समीक्षा करू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण कादंबरीतले घर वाचताना असे जरूर विचारा की हे कुठे उभे राहून पाहिलेले आहे. ओसरीवरून की चुलीपासून, आणि दुसऱ्या जागेवरच्या माणसाला लिहिणाऱ्याने काही विचारले होते काय. लक्ष्मीबाईंनी दोन्ही जागांवरून पाहिले. हरिभाऊ उठून दुसऱ्या जागी जाऊन बसले. आम्ही बहुतेक जण बसल्या जागेवरून हलत नाही आणि न दिसणाऱ्या रंगाला खुशाल हिरवा म्हणतो.

त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघालीच, तर पदराचा रंग बदलेन; ते सोपे आहे. घरात माणसे आणायला मात्र अर्धे पुस्तक पुन्हा लिहावे लागेल. यंदा दिवाळीत मामीकडे जाणार आहे. बरोबर वही घेईन, आणि माझ्या मुलीलाही नेईन. तिला सगळे रंग दिसतात. माझा आंधळेपणाचा निरोप तिच्याकडेही आहेच, तो पुढे कुणाला पोचेल ते पोचो. मामी सांगेल, मुलगी रंगांची नावे सांगेल आणि मी लिहून घेईन. पंचेचाळिशीला आलेल्या मास्तराने पुन्हा शाळेत बसायचे, तर दिवाळीच्या सुट्टीइतका चांगला मुहूर्त दुसरा कोणता?